केसभर मागे

१

रविवारी सकाळी तालमीची खोली उघडायचं काम माझ्याकडे होतं. खोली म्हणजे फर्निचरच्या कारखान्याचा वरचा मजला. रविवारी कारखाना बंद, त्यामुळे आमच्या गोंगाटाचा कुणाला त्रास नाही. फक्त पॉलिशचा वास तेवढा जिना चढून वर येऊन बसलेला असायचा. भिंतींना आम्ही जुन्या गाद्या ठोकल्या होत्या. त्यातल्या एकीवर कुणाच्या तरी लहानपणीचा डाग होता आणि त्यावरून दर आठवड्याला एक तरी विनोद व्हायचा.

मी आधी येऊन खोलीच्या मध्ये स्टूल ठेवायचो आणि स्टुलावर रेकॉर्डर. चष्म्याच्या डबीएवढा. (मी चष्म्याच्या दुकानात काचा घासतो, त्यामुळे मला सगळं जग डबीच्या मापात दिसतं.) त्याच्या डोक्यावर दोन माइक, ते सबंध खोली ऐकणार. बुडाशी आणखी दोन वायरी जोडायची सोय. एक वायर माझ्या बेस गिटारची, दुसरी ड्रमपुढे उभ्या केलेल्या माइकची. म्हणजे घरी कॉम्प्युटरवर ड्रम वेगळा, बेस वेगळा आणि बाकी खोली वेगळी असं ऐकता यायचं. माझं सगळं पाप या सोयीतून निघालं, म्हणून ती आधी सांगून ठेवतो.

आम्ही चौघं. गाणारे आणि गिटार वाजवणारे वकीलसाहेब, कीबोर्डवर शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई, ड्रमवर माझे भाऊजी आणि बेसवर मी. सगळे हौशी. वर्षातून दोन-तीन कार्यक्रम, तेही ओळखीपाळखीत. पण तालमीचा थाट असा, की हजार माणसं तिकिटं काढून ताटकळत बसली आहेत.

आमचा एक नियम होता. दर रविवारी आधी मागच्या रविवारचं रेकॉर्डिंग ऐकायचं. ज्याची चूक सापडेल त्यानं त्या दिवशी सगळ्या वायरी गुंडाळायच्या. हुज्जत घालायची नाही. ‘मी बरोबर वाजवलं होतं’ हे वाक्य त्या खोलीत बंद. रेकॉर्डरला आम्ही पंच म्हणायचो, आणि पंचानं बोट वर केलं की निमूट निघायचं.

नियम भाऊजींनी केला होता.

२

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते गाडी चालवायला शिकवायचे. शिकाऊ माणूस स्टिअरिंगवर, शेजारी भाऊजी, आणि त्यांच्या पायाखाली जादा ब्रेक. बावीस वर्षांत त्यांच्या गाडीला ओरखडा नाही. समोर पोर आडवं येवो की बैल, शिकाऊ माणूस किंचाळायच्या आत गाडी उभी. “मला दिसायच्या आधी पायाला दिसतं,” असं ते म्हणायचे, आणि त्यात बढाई नव्हती. तोच पाय रविवारी ड्रमच्या पेडलवर असायचा.

मला बँडमध्ये त्यांनीच आणलं. बेस त्यांनीच घेऊन दिला. पण माझी बोटं जड. ठोका पडायचा आणि माझा सूर त्याच्या मागून, बस चुकलेल्या माणसासारखा धापा टाकत यायचा. लागोपाठ सहा रविवार मी वायरी गुंडाळल्या. वकीलसाहेब म्हणाले, “याला आता इलेक्ट्रिशियनचं लायसन्स काढून द्या.” सगळे हसले. भाऊजी हसले नाहीत. त्यांनी जवळ येऊन हळूच सांगितलं, “माझ्या पायाकडे कान ठेव. बाकी कुणाकडे लक्ष देऊ नकोस.”

सातव्या रविवारी मी मधल्या वेळात खाली चहा सांगायला गेलो. रेकॉर्डर चालूच राहिला होता. घरी ऐकलं, तर मी जिना उतरल्याबरोबर वकीलसाहेबांचा आवाज. “कार्यक्रमापुरता बेसला दुसरा कुणी बघू या का?” मग बाई काहीतरी पुटपुटल्या. आणि मग भाऊजी. “तो राहील. त्याला मी सांभाळतो.”

सांभाळतो. मी अडतीस वर्षांचा माणूस. त्यांनी माझी बाजू घेतली होती, आणि मला राग आला तो वकिलांचा नाही, त्यांचा आला. हे आता सांगतानाही कानशिलं तापतात. पण तसंच झालं.

३

कॉम्प्युटरच्या पडद्यावर आवाज रेघांसारखा दिसतो. ड्रमचा ठोका म्हणजे उंच सुळका. त्याच्या खालच्या पट्टीवर माझा सूर, दर वेळी सुळक्याच्या जरा उजवीकडे. मी माझी पट्टी धरली आणि डावीकडे ओढली. केसभर. झालो की मी वेळेवर.

तिथे थांबलो असतो तर साधी लबाडी ठरली असती. पण चष्म्याची एक काच सरळ केली की दुसरी वाकडी वाटायला लागते, तसं काहीसं झालं. मी ड्रमची पट्टी धरली आणि उजवीकडे ढकलली. तीही केसभरच. खोलीच्या माइकमध्ये खरा ड्रम होताच, तो दाबून टाकला. मग डोळे मिटून ऐकलं. मी ताठ चाललो होतो आणि भाऊजी माझ्या मागून येत होते. मला हसू आलं.

रविवारी ते खोलीत लावलं. दुसऱ्या गाण्याला बाईंनी मान वर केली. “ड्रम मागे पडतोय.”

“छे हो,” वकीलसाहेब म्हणाले. “भाऊजी आणि मागे? सूर्य उशिरा उगवेल एक वेळ.”

“मी सांगत नाही, पंच सांगतोय.”

भाऊजी म्हणाले, “पुन्हा लाव.” मी पुन्हा लावलं. ते डोळे मिटून ऐकत होते आणि त्यांचा पाय जमिनीवर ताल धरत होता. पाय आधी पडायचा आणि स्पीकरमधला ठोका नंतर. त्यांनी डोळे उघडून आपल्या पायाकडे पाहिलं. तिसऱ्यांदा लावायला सांगितलं. मी लावलं. तेवढ्यात मी बोलू शकत होतो. थट्टा केली म्हणू शकत होतो, आणि सगळ्यांनी मला दोन शिव्या घालून विषय संपवला असता.

“हो,” भाऊजी म्हणाले. “मीच आहे.”

त्या दिवशी वायरी त्यांनी गुंडाळल्या. आयुष्यात पहिल्यांदाच, त्यामुळे त्यांना नीट येईना, पीळ पडत होता. मी शेजारी बसून त्यांना शिकवलं.

४

एकदा केलं की दुसऱ्यांदा करावंच लागतं. पुढच्या आठवड्यात भाऊजी एकदम सुधारले असते तर बाईंना शंका आली असती. त्या गणिताच्या. म्हणून पुढच्या रविवारीही ढकललं, जरा जास्त. त्याच्या पुढच्याही. चार रविवार झाले.

भाऊजी आता चूक सुधारायला ठोका आधी मारू लागले, त्यामुळे खोलीतही खरोखर गडबड व्हायला लागली. गाणं मध्येच थांबायचं. “माझ्यामुळे,” असं ते दर वेळी म्हणायचे. ते घरी ताईला विचारत, माझं बोलणं अडखळतं का? जेवताना हात थरथरतो का? डॉक्टरांनी कान तपासले, गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली. सगळं ठणठणीत. “मग पंच काय खोटं बोलतो?” असं त्यांनी डॉक्टरांनाच विचारलं, ताईनं मला फोनवर सांगितलं. मी म्हणालो, “वय होतं गं.” ते एक्कावन्न वर्षांचे होते.

पाचव्या रविवारी त्यांनी काठ्या ड्रमवर आडव्या ठेवल्या. “कार्यक्रमाला माझ्यामुळे खोळंबा नको. दुसरा कुणी बघा.” वकीलसाहेबांचे डोळे भरले. बाईंनी चष्मा काढून पुसला. मी बेसच्या तारा पुसत होतो.

जिना उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “तुझं मात्र छान सुधारलं हं.”

“तुमच्यामुळेच,” मी म्हणालो. जीभ झडली नाही.

मूळ रेकॉर्डिंगं मी पुसली नाहीत. पुरावा म्हणून ठेवली असं म्हणायला बरं वाटेल, पण तसं काही नव्हतं. पुसायला ती उघडावी लागली असती आणि उघडायची हिंमत नव्हती.

५

भाऊजींच्या जागी एक दंतवैद्य आला. तरुण, हसरा, हात हलका. कार्यक्रम झाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊजी आले नाहीत. ताई एकटी आली आणि शेवटच्या गाण्याआधी निघून गेली.

त्यानंतरच्या रेकॉर्डिंगमध्ये ते पहिल्यांदा ऐकू आलं. दंतवैद्याच्या ठोक्याखाली आणखी एक ठोका. बारीक, भिंतीपलीकडून यावा तसा. त्याच्या मागून यायचा.

मला वाटलं, गादी निखळली असेल. पाहिलं, एक खरंच निखळली होती. मी आनंदानं चार खिळे ठोकले. पुढच्या आठवड्यात ठोका होताच. स्टूल कोपऱ्यात नेलं. माइक फिरवला. वायर बदलली, बॅटऱ्या बदलल्या. शेवटी ड्रमखाली घरचं ब्लँकेट अंथरलं, त्यावरून बायकोची बोलणी खाल्ली. ठोका होताच.

“एको आहे,” दंतवैद्य म्हणाला. “आमच्या क्लिनिकमध्येही येतो. पेशंट एकदा ओरडतो, पण दोनदा ऐकू येतं.” सगळे हसले.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी मांडलं होतं. “एको दर वेळी तेवढ्याच अंतरानं यायला हवा. हे अंतर वाढतंय. तीन रविवारांपूर्वी होतं त्याच्या आज जवळजवळ दुप्पट.”

“बाई, सुट्टीच्या दिवशी तरी गणित नको,” वकीलसाहेब म्हणाले.

मग गाण्यात ती जागा आली जिथे दंतवैद्य पाणी प्यायला थांबला होता. आम्ही तिघं वाजवत होतो, ड्रम बंद. खालचा ठोका थांबला नाही. आठ ठोके चालला. धृपदाच्या तोंडाशी त्यानं ड्रमजवळची जोडझांज पायानं किंचित उघडली आणि लगेच मिटली. तशी फक्त एकच माणूस उघडायचा. दंतवैद्याला ते माहीत असायचं कारण नव्हतं. मग ठोका चुकला, थांबला, आणि पहिल्यापासून सुरू झाला. पुन्हा चुकला. पुन्हा पहिल्यापासून.

बाईंनी वही मिटली. शेवटी वकीलसाहेब हसल्यासारखं करून म्हणाले, “भाऊजी घरी बसून रियाज करतायत वाटतं,” आणि लगेच घसा खाकरून गिटार जुळवायला लागले.

वायरी कुणी गुंडाळायच्या असा प्रश्न आला. चूक कुणाची हे ठरेना. मी म्हणालो, “मी गुंडाळतो.”

६

पुढच्या शनिवारी दुपारी अर्धी रजा काढून मी एकटा खोलीवर गेलो. खाली कारखाना चालू होता, करवत मध्येच किंचाळायची आणि थांबायची. ऊन खिडकीतून सरळ ड्रमवर पडलं होतं. भीतीचं काही वातावरण नव्हतं. मी स्वतःला समजावत होतो, की माणूस अपराधी असला की त्याला काहीही ऐकू येतं. पण मग बाईंचा काय अपराध? त्यांनी तर वहीत मांडलं होतं.

मी रेकॉर्डर स्टुलावर ठेवला, ड्रमचा माइक जोडला, हेडफोन कानाला लावले. रेकॉर्डरला येईल ते मला त्याच क्षणी ऐकू येणार होतं. करवत आली. खाली कुणीतरी शिंकलं. माझा स्वतःचा श्वास आला.

मग ठोका आला.

ड्रमजवळ कुणी नव्हतं. ड्रमवाल्याच्या स्टुलावरची उशी फुगलेली होती, तिच्यावर कुणी बसलेलं नव्हतं. हेडफोनमध्ये मात्र चार ठोके, मग चार, मग चूक. एक लांब श्वास, आणि पुन्हा पहिल्यापासून. घाई नव्हती, राग नव्हता. कुणीतरी फार प्रामाणिकपणे आपली चूक शोधत होतं, आणि ती त्याला सापडत नव्हती.

मी हेडफोन काढले. खोली गप्प. लावले. ठोके. असं मी किती वेळा केलं माहीत नाही.

मग मी उठून ड्रमपाशी गेलो आणि मधल्या ड्रमच्या कातड्यावर तळहात ठेवला. उन्हानं गरम झालं होतं. माझ्या हाताखाली ते थरथरलं. कुणी वाजवलं की थरथरतं तसं, साधं, ओळखीचं. पण आवाज आला नाही. हात तसाच ठेवून मी उभा राहिलो. हेडफोन माझ्या गळ्यात होते. थरथर हाताखालून निघून गेली, मी एक पूर्ण श्वास घेतला, आणि त्यानंतर गळ्यातल्या हेडफोनमधून ठोका ऐकू आला.

मी रेकॉर्डर उचलला आणि जिना उतरलो. कुलूप लावलं की नाही ते आठवत नाही.

घरी जाऊन तडक मूळ रेकॉर्डिंग उघडलं, पहिल्या रविवारचं, मी हात लावायच्या आधीचं. भाऊजींचा ड्रम त्यात लख्ख होता. जिथे पडायला हवा तिथेच पडत होता, एकही ठोका इकडेतिकडे नाही. मागून धापा टाकत मी येत होतो. ऐकता ऐकता मला रडू फुटलं. बायको दारात येऊन उभी राहिली आणि काही न विचारता परत गेली.

तेवढ्यात ताईचा फोन आला. “अरे, यांनी नोकरी सोडली.”

७

रविवारी तालमीला गेलो नाही. रेकॉर्डर पिशवीत घातला, त्यात मूळ रेकॉर्डिंग, आणि दुपारी ताईकडे गेलो. वाटेत वाक्य पाठ करत होतो. ‘भाऊजी, तुम्ही कधीच मागे नव्हता. मी केलं ते.’ एवढंच. पुढचं ते काय म्हणतील त्यावर. मारलं असतं तरी चाललं असतं, निदान ताईनं तरी मारावं असं वाटत होतं.

दार ताईनं उघडलं. ती वाळली होती.

“बरं झालं आलास. तुझं ऐकतात ते. निदान तू सांग, कामावर जा म्हणून. गेल्या आठवड्यात म्हणे एक म्हातारी गाडीपुढे आली. काही झालं नाही रे, वेळेत थांबली गाडी. पण हे म्हणतात, पाय दाबला तेव्हा ब्रेक लागला नाही, नंतर लागला. गाडी तपासली, ब्रेक उत्तम आहे. तर म्हणतात, ब्रेक उत्तमच आहे, मी उत्तम नाही. दुसऱ्या दिवशी किल्ल्या देऊन आले.”

“डॉक्टर काय म्हणतात?”

“काय म्हणणार? काही नाहीच म्हणतात.” तिनं आत पाहिलं आणि आवाज खाली आणला. “तुला एक विचारू? हसू नकोस. हे दार लावतात ना, तर दार लागलेलं मला आधी...” ती थांबली. “जाऊ दे. झोप नाही होत माझी. तू बस, मी चहा टाकते.”

भाऊजी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली, कामावर निघाल्यासारखे. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला.

“तुझीच वाट बघत होतो. कान चांगले आहेत तुझे. एक दाखवायचंय.”

“भाऊजी, त्याआधी मला...”

“थांब रे, आधी हे बघ. ताईला दाखवलं की ती रडते, आणि डॉक्टरला दाखवायला गेलो की होत नाही.” त्यांनी टेबलावरची बरणी, वर्तमानपत्र, मिठाचा डबा, सगळं बाजूला सरकवलं. मोकळ्या लाकडावर उजव्या हाताचं एक बोट उगारलं. “माझ्या बोटाकडे बघ. डोळे हलवू नकोस.”

ताई शेगडीकडे तोंड करून उभी होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

“एक, दोन, तीन, चार,” भाऊजींनी मोजलं आणि बोट टेबलावर आपटलं.

बोट लाकडावर टेकलं. मी पाहिलं. नखाशी कातडी पांढरी झाली, म्हणजे चांगलं जोरात टेकलं होतं. आवाज नव्हता. चहाचं पाणी उकळत होतं, ते ऐकू येत होतं. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली, तीही ऐकू आली. बोट पुन्हा वर उचललं गेलं, हवेत थांबलं.

आणि मग टेबलावर, बोट नव्हतं तिथे, टक् असा आवाज झाला.

त्यांनी पुन्हा आपटलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आपटून त्यांनी हात मांडीवर ठेवला, पायावर पाय नीट घेतला, आणि नंतर टक् झालं. बरणीतला चमचा त्या आवाजानं किणकिणला.

“ऐकलंस ना?” त्यांनी विचारलं. “मागे आहे ना?”

८

इथे काय झालं ते जसंच्या तसं सांगतो, कारण तेवढ्यासाठीच हे लिहायला घेतलं.

मी घाबरलो नाही. निदान आधी नाही. आधी माझा जीव भांड्यात पडला.

म्हणजे, ते खरंच मागे होते. आता मी काय सांगणार? तुम्ही मागे नव्हता असं सांगितलं, तर समोरचं टेबल मला खोटं पाडणार होतं. पिशवीतलं रेकॉर्डिंग काढून लावलं असतं, तरी ते जुनं. आजचं हे असं. वाटभर पाठ केलेलं वाक्य मी मनात उचलून पाहिलं आणि ते म्हणायची गरज उरली नाही असं मला वाटलं. किती पटकन वाटलं. सुटलो, हा शब्द माझ्या मनात अगदी स्पष्ट उमटला. समोर माझ्या बहिणीचा नवरा आपल्या बोटाकडे भुतासारखा बघत बसलेला, आणि मी सुटलो.

भीती त्यानंतर आली. मी काय केलंय ते तेव्हा कळलं. मी पडद्यावरची एक रेघ सरकवली होती. आणि हे अंतर आता केसभर नव्हतं. बाई म्हणाल्या होत्या तसं, ते वाढत होतं. आज एक श्वास होतं. पुढच्या महिन्यात ते हाक मारतील आणि ओठ मिटून उठून गेल्यावर ताईला हाक ऐकू येईल. मला ते सगळं दिसलं. तरीसुद्धा तोंड उघडायला वेळ होता. ताई चहा गाळत होती, भाऊजी शांतपणे माझ्याकडे बघत होते, कसली घाई नव्हती. दोन वाक्यं बोललो असतो, तर आवाज मागे राहिला असता कदाचित, पण निदान तो माणूस स्वतःला दोष देत राहिला नसता.

“बोल ना,” भाऊजी म्हणाले. त्यांचे ओठ थांबले होते तेव्हा मला ते ऐकू आलं. “तुला वाईट वाटेल म्हणून लपवू नकोस. मागे आहे की नाही?”

ताईनं कप माझ्यापुढे ठेवला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. लहानपणी मी काही फोडलं की ती अशी बघायची. मी कपाकडे बघितलं.

“हो, भाऊजी,” मी म्हणालो. “थोडं मागे आहे.”

त्यांचे खांदे सैल झाले. किती दिवसांनी कुणीतरी पाठीवरचं ओझं उतरवून घ्यावं, तसे ते हसले. त्यांचे ओठ हलले, हलायचे थांबले, आणि मी वाट पाहिली.

“तू तेवढा एक खरं बोलतोस,” ते म्हणाले. “बाकी सगळे समजूत घालतात रे.”

मग ते उठले आणि टेबलाला वळसा घालून माझ्यामागे आले. जवळून त्यांनी माझ्या पाठीवर जोरात थाप मारली, शाबासकीची. त्यांचा हात मला लागला, त्याची ऊब लागली, आणि ते बाहेरच्या खोलीकडे निघूनही गेले. ताई माझ्याकडे बघत होती. मी मान खाली घालून थापेचा आवाज यायची वाट बघत बसलो.